समासातला रोहिदास

रोहिदास थोरवे भोसरीत पुष्कळांना माहीत होता, पण तो वाचतो हे फार थोड्यांना. एमआयडीसीतल्या ज्या वर्कशॉपमध्ये तो सव्वीस वर्षं लेथ मशीनवर उभा राहिला, तिथले लोक सांगतील की हात सफाईदार, बोलणं कमी, चहा बिनसाखरेचा. संपलं. मला त्याच्याबद्दल याहून बरंच जास्त माहीत होतं आणि तरीही मी त्याच्याशी नीट वागलो नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे. लिहून काही भरून निघेल अशी माझी समजूत नाही.

मला सगळे किसनकाका म्हणतात. एकतीस वर्षं मी एका मोठ्या कंपनीत इन्स्पेक्शनला होतो. माल बाहेर जायच्या आधी शेवटचा हात माझा. पार्टवर केसाएवढा ओरखडा दिसला की लाल टॅग लावून बाजूला, मग सुपरवायझर कितीही विनवण्या करो. रिटायर झाल्यावर महिनाभर घरी बसलो आणि बायकोच्या पोळ्यांचे काठ तपासायला लागलो, तेव्हा तिनं हात जोडले. म्हणाली, कॉलनीच्या वाचनालयाला माणूस हवाय, तिकडं जा. गेलो. समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, चार हजारांच्या आतबाहेर पुस्तकं आणि एक कुरकुरणारा पंखा. पगार नाही. पण शिस्त लावायला भरपूर वाव होता, आणि मी ती लावली.

रोहिदास तिथला जुना सभासद. कार्ड नंबर दोनशे चौदा. त्याला कायमची सेकंड शिफ्ट होती, त्यामुळे सकाळी अकराच्या सुमारास यायचा. वर येण्याआधी खालच्या नळावर साबणानं हात धुवायचा, कारण नखांतलं तेल पुस्तकाला लागू नये. मला हे फार आवडायचं. पन्नाशीचा, काटकुळा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. कपाटापुढं उभा राहून पुस्तक उघडायचा, मधलंच एखादं पान वाचायचा आणि मग ठरवायचा. पहिलं पान तो कधी बघत नसे. एकदा विचारलं तर म्हणाला, पहिल्या पानावर सगळेच लेखक अंघोळ करून बसलेले असतात, मधे कसे राहतात ते बघायचं.

त्याचं खरं वाचन उन्हाळ्यात. एप्रिल-मे आला की निम्मी भोसरी आपापल्या गावाला जाते. खोल्यांना कुलपं, वाचनालयात शुकशुकाट. पुस्तकं पडून राहतात म्हणून मी एक उन्हाळी योजना काढली होती. त्या दोन महिन्यांत एका कार्डावर एका वेळी चार पुस्तकं न्यायची, एकतीस मेपर्यंत सगळी परत करायची, म्हणजे मला मोजणी करता येते. शिवाय प्रत्येकानं उन्हाळ्यात आवडलेल्या पुस्तकांवर एक पान लिहून द्यायचं. ती पानं मी फलकावर लावायचो. बहुतेक लोक 'पुस्तक फारच सुंदर आहे, सर्वांनी अवश्य वाचावे' एवढं लिहून मोकळे व्हायचे. काही जण तर पुस्तकाच्या मागचा मजकूर उतरवून आणायचे.

रोहिदास दर उन्हाळ्यात वीस-बावीस पुस्तकं वाचायचा आणि एक ओळही लिहून द्यायचा नाही. मी मागं लागलो की म्हणायचा, "लिहिलंय की, काका." कुठं लिहिलंय म्हटलं तर हसायचा. पहिल्या उन्हाळ्यात मला वाटलं, टाळतोय.

कुठं लिहिलंय ते मला पहिल्याच मोजणीत कळलं. जहाजावर स्वयंपाकी असलेल्या एका माणसाच्या आठवणींचं पुस्तक होतं. तपासायला उघडलं तर समासात पेन्सिलीनं लिहिलेलं: 'हा गडी तीन महिने जहाजावर राहिला आणि एकदाही कपडे धुतल्याचं लिहीत नाही. दुसरं कोणी धूत असणार.' त्याच्या खाली वेगळं, गोल अक्षर: 'तुमच्यासारखंच.'

त्याची पुढची पुस्तकं बघितली तर पानोपानी. एका गावच्या पोस्टमनच्या चरित्रात: 'हे पान सावकाश वाच. मी दोनदा वाचलं.' खाली गोल अक्षरात: 'मी तीनदा.' एका दुःखाच्या कथेपाशी: 'आधी जेवून घे, मग वाच.' त्याखाली: 'जेवले न्हाई. आधी वाचलं. तुमचं ऐकायला पाहिजे होतं.' विहिरी खोदणाऱ्या लोकांवरच्या एका जाडजूड कादंबरीत, जिच्यावर मोठमोठ्या लोकांनी कौतुकाचं लिहिलंय, त्यात त्यानं लिहिलं होतं: 'लेखकाला पाणी माहीत आहे, खोदणं माहीत नाही. पहारीचा आवाज कुठंच येत नाही. पण बायको रागावून माहेरी जाते तो भाग अस्सल.' आणि खाली फक्त: 'कुणाच्या अनुभवावरून?'

आता कबूल करतो, मी हसलो होतो. दुसऱ्या क्षणाला मला राग आला. वाचनालयाचं पुस्तक म्हणजे बाहेर जाणारा माल. त्यावर ओरखडा म्हणजे रिजेक्ट. मी खोडरबर घेतला आणि सगळं पुसलं. एकोणीस पुस्तकं, दोन दिवस लागले. मी पुसण्यातही माणूस व्यवस्थित. जिथं लिहिलंय तेवढंच पुसायचं, कोऱ्या कागदावर उगाच रबर फिरवायचा नाही, मग ब्रशनं कण झटकायचे.

मग रोहिदासला बोलावलं. चार सभासद बसले होते, त्यांच्यापुढंच बोललो. साधं वाचनालयाचं पुस्तक नीट ठेवता येत नाही का, कंपनीतल्या ड्रॉइंगवर असं गिरगटता का, वगैरे. तो मान खाली घालून उभा राहिला. चुकलं म्हणाला. मग चाचरत सांगायला लागला.

त्याची बायको अनिता चाकणला वायरिंगच्या कंपनीत. तिची कायम फर्स्ट शिफ्ट. पहाटे पावणेसहाला कंपनीची बस नाक्यावर येते, तेव्हा हा झोपलेला. ती साडेचारला घरी येते, तेव्हा हा दोन तासांपूर्वीच कामावर गेलेला. तो परत येतो तेव्हा ती झोपलेली. भोसरीत सुट्टी गुरुवारी, तिच्या कंपनीत रविवारी. गुरुवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ बाजार-दुरुस्त्यांत जाते, एका घरात राहून आठवड्यात धड तासभर बोलणं होत नाही. डबा भरलेला असतो, कपडे घडी केलेले असतात, तेवढ्यावरून दुसरं माणूस आहे हे कळतं. म्हणून आधी हा वाचतो, लिहितो, पुस्तक तिच्या उशाशी ठेवतो. मग ती वाचते, लिहिते, पुस्तक टीव्हीवर ठेवते.

मी म्हटलं, मग वही घाला. चिठ्ठ्या लिहा. तो म्हणाला, "वहीपुढं बसलं की काय सुचत न्हाई, काका. त्या वळीपाशीच सुचतं."

हे ऐकूनही मी पाघळलो नाही. त्या वेळी मला याचा अभिमान वाटला. शेवटी त्यानंच तोडगा काढला. म्हणाला, अगदी हलक्या हातानं लिहीन, तुम्हाला पुसायला त्रास होणार नाही. मी म्हटलं, ठीक आहे, पण खूण राहता कामा नये. आणि तो शब्दाला जागला. त्यानंतरच्या तीन उन्हाळ्यांत त्याचं अक्षर इतकं हलकं असायचं की कागदावर टेकलंय की नाही अशी शंका यावी. लेथवर हाताला वजन कळणारा माणूस तो. अनिता मात्र पहिल्यासारखीच दाबून लिहायची. तिला मी कधी बोललो नव्हतो.

मी पुसत राहिलो. वाचणं मात्र सोडून दिलं. कारण सांगतो, वाचलं की हात थांबायचा. थांबला की मोजणी लांबायची. म्हणून मी जवळचा चष्मा काढून ठेवायला लागलो. अक्षर आहे एवढं दिसायचं, काय आहे ते दिसायचं नाही. काम झपाट्यानं व्हायचं. आज वाटतं, त्या तीन उन्हाळ्यांत साठ-पासष्ट पुस्तकांवर रोहिदासचं काय म्हणणं होतं ते जगात फक्त दोन माणसांना कळू शकत होतं, त्याच्या बायकोला आणि मला, आणि मी चष्मा काढून बसलो होतो. फलकावर लावायला पानं नाहीत म्हणून ओरडणारा मीच.

त्याच्या मुलाबद्दल सांगायचं राहिलं. ज्ञानेश एकुलता एक. रोहिदासनं फोरमनच्या हातापाया पडून त्याला आपल्याच वर्कशॉपमध्ये लावलं होतं. पर्मनंट व्हायला दोन महिने असताना पोरानं घरी न सांगता काम सोडलं आणि चऱ्होलीला मित्राबरोबर प्लॉटिंगच्या धंद्यात शिरला. तिकडं शेतांच्या सोसायट्या होत होत्या, धंदा वाईट नव्हता. पण रोहिदासला ते फोरमनकडून कळलं. घरात भांडण झालं. भांडणात पोरगा बोलून गेला की आयुष्यभर मशीनपुढं उभे राहिलात आणि पुस्तकं वाचलीत, त्यातून तुम्हाला मिळालं काय. दुसऱ्या दिवशी रोहिदासनं बायकोला सांगितलं, या घरात त्याचं नाव काढायचं नाही. चार वर्षं नाव निघालं नाही. भोसरीहून चऱ्होली किती लांब? मोशीवरून गेलं तर अर्धा तास.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर अनितानं सांगितलं.

मागच्या मे महिन्याच्या शेवटी माझी मोजणी अडली होती. तीन कार्डांची पुस्तकं यायची बाकी होती, त्यात दोनशे चौदाची चार. मी एकतीस तारखेला दुपारी स्कूटर काढली आणि वसुलीला निघालो. असं आधी कुणी केलं नव्हतं, पण मला वाटलं, शिस्त म्हणजे शिस्त. थोरव्यांच्या घरी पोचलो तेव्हा तीन वाजले होते. रोहिदास कामावर गेलेला, अनिता यायला दीड तास. शेजारच्या सोजराबाईंकडं किल्ली असायची. मी त्यांना म्हटलं, वाचनालयाची पुस्तकं आहेत, आजच जमा व्हायला हवीत. त्यांनी कुलूप काढलं. तीन पुस्तकं टीव्हीवर होती, एक पलंगावर उशीपाशी. मी चारही पिशवीत घातली आणि निघालो. मोजणी वेळेत झाली म्हणून त्या संध्याकाळी बायकोला आइस्क्रीम आणलं.

दुसऱ्या दिवशी चष्मा काढून चारही पुस्तकं पुसली.

या जानेवारीत रोहिदास गेला. वर्कशॉपमध्येच छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी अंत्यविधीला गेलो होतो. ज्ञानेशनं अग्नी दिला. मुलगा बापासारखाच काटकुळा. मी रांगेत उभा राहून नमस्कार करून आलो आणि घरी येऊन वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये दोनशे चौदापुढं रेघ मारायला पेन उघडलं. मग वाटलं, कार्ड दोघांचं आहे, राहू दे.

फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी अनिता वर आली. मी तिला याआधी दोनदा-तीनदाच पाहिलं असेल. ठेंगणी, सावळी, केस घट्ट बांधलेले. खुर्ची दिली तरी बसेना. तिनं मला कुंभारावरच्या एका कादंबरीबद्दल विचारलं. मे महिन्यात मी घरातून उचलून आणलेल्या चारांतली ती एक. एका कुंभाराचा मुलगा घर सोडून जातो आणि बाप त्याची वाट बघतो अशी गोष्ट. कपाटात होती, काढून दिली. तिनं ती उघडली नाही. पोटाशी धरून उभी राहिली.

"काका, पुसताना वाचलं व्हतं का हो तुमी?"

मी विचारलं, काय. मग ती बसली आणि सगळं सांगितलं.

त्या कादंबरीवर दोघांचं बरंच लिहिणं झालं होतं. रोहिदासनं लिहिलं होतं की या कुंभाराला चाकावरची माती कळते, घरातली कळत नाही. आणखी एका ठिकाणी, की लेखकानं बापाला फार बोलायला लावलंय, खरा बाप एवढं बोलणार नाही. ते वाचून तिला पहिल्यांदा धीर आला. बाप जिथं मुलाचं ताट वाढून ठेवतो त्या पानावर खालच्या समासात तिनं विचारलं, आपण ज्ञानेशला बोलवायचं का. चार वर्षांत त्या घरात ते नाव पहिल्यांदा निघालं, तेही पेन्सिलीनं. तीस तारखेच्या संध्याकाळी तिनं ते लिहून पुस्तक टीव्हीवर ठेवलं. एकतीसला दिवसभर लाइनवर वायरी जोडताना ती घड्याळ बघत होती. साडेचारला घरी आली तर पुस्तकं नाहीत. सोजराबाई म्हणाल्या, किसनकाका घेऊन गेले.

त्यानं तिचा प्रश्न वाचला का, वाचून उत्तर दिलं का, हे तिला कळलंच नाही. तोंडानं विचारायचं धाडस होईना. एकदा केलेलं धाडस पुन्हा होत नाही, आणि उत्तर नाही असलं तर ते ऐकण्यापेक्षा न ऐकलेलं बरं असं तिला वाटत राहिलं. त्यानंही विषय काढला नाही. असे आठ महिने गेले. आता ज्ञानेश दर दोन दिवसांनी येतो, आईजवळ बसतो आणि एकच विचारतो, बाबांनी माझं नाव कधी काढलं होतं का. काढलं होतं असं खोटं सांगायला तिची जीभ रेटत नाही. नाही म्हणवत नाही.

"तुमच्या हातनं पुसलं गेलं, म्हंजी तुमी बघितलं असणार. काय व्हतं तेवढं सांगा. वाईट असलं तरी चालंल."

त्या क्षणी मला जे वाटलं ते मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. मी चष्मा काढला होता, हे त्या बाईला कसं सांगायचं? पण सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं पुस्तक माझ्यापुढं केलं. जणू मी वेगळ्याच भाषेत काही बोललो होतो.

मी पुस्तक तिच्या हातातून घेतलं आणि खिडकीशी गेलो. ओरखडा सरळ उजेडात दिसत नाही. पार्ट डोळ्यांच्या रेषेत तिरपा धरायचा आणि उजेड बाजूनं घ्यायचा, की बारीकशी खाचसुद्धा सावली टाकते. आयुष्यभर हेच केलं होतं. पान सापडलं. तिरपं धरलं. अनिताचा प्रश्न लख्ख दिसला, एकेक अक्षर. 'आपण ज्ञानेशला बोलवायचं का?' दाबून लिहिलेलं, कागदात रुतलेलं. शिसं मी पुसलं होतं, खाच पुसली गेली नव्हती.

त्याच्या खाली काही नव्हतं.

मी पान फिरवलं, उलटं धरलं, मागून बघितलं. मोबाइलचा टॉर्च लावला. आधीच्या वर्षांतली एक-दोन पुस्तकं काढून बघितली. जहाजाच्या पुस्तकात रोहिदासचं 'कपडे' अजून वाचता येत होतं. मी ओरडण्याआधीचं ते. ओरडल्यानंतरचं त्याचं एकही अक्षर उमटलेलं नव्हतं. खूण राहता कामा नये, असं मीच बजावलं होतं, आणि तेवढं त्यानं चोख पाळलं. माझ्या हाताखालून एकतीस वर्षांत हजारो पार्ट गेले, असं निर्दोष काम मी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं. माझं वय सहासष्ट आहे, एका परक्या बाईसमोर मी खिडकीकडं तोंड करून रडलो.

डोळे पुसून पुन्हा बघितलं तेव्हा एक दिसलं. खोडरबर फिरला की कागदाचं पाणी जातं. तेवढी जागा मऊ, निस्तेज होते, बारीक लव वर येते. मी कोऱ्या जागेवर रबर फिरवत नाही, हे आधी सांगितलं आहेच. अनिताच्या प्रश्नाखाली पानाच्या तळापर्यंत कागद निस्तेज होता. आणि ते तिथं संपत नव्हतं. बाजूच्या समासातही वरपर्यंत, पान संपेपर्यंत तशीच पट्टी गेली होती. त्यानं खालची जागा पुरली नाही म्हणून पुस्तक आडवं धरून लिहिलं होतं. पट्टी बोटांनी मोजली. सात-आठ ओळी तरी असणार.

मी तिला बोलावलं, दाखवलं. तिचं बोट धरून त्या जागेवरून फिरवलं, कारण डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळतं. म्हटलं, काय होतं ते सांगता येणार नाही, पण एवढं होतं. त्यानं उत्तर दिलं होतं. एकतीसला सकाळी कामावर जायच्या आधी लिहिलं आणि पुस्तक तुझ्या उशाशी ठेवून गेला. मी ते पलंगावरूनच उचललं होतं.

ती बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "ह्यांना न्हाई म्हणायचं असतं, तर एवढं लिव्हलं नसतं. न्हाई तर न्हाई. येका शब्दात."

मला हायसं वाटलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे उत्तर होय होतं. म्हणजे बापानं मुलाला बोलवायला सांगितलं होतं. पोराला सांगता येईल, बाईला समाधान मिळेल, आणि माझी चूक थोडी तरी हलकी होईल. मी तसं बोललोही. आता ज्ञानेशला छातीवर हात ठेवून सांग म्हटलं.

अनितानं पुस्तक मिटलं. तिचा चेहरा मघापेक्षा वाईट झाला होता.

"आमच्या घरात दिवाळीच्या पहिल्या आंघुळीनंतर फराळाला पाट मीच मांडते. औंदा ह्यांनी मांडले. सकाळी उठून बघते तर तीन. म्हटलं, सोजराबाईंला बोलावलंय का काय. त्यांला इचारलं, त्या न्हाई म्हणाल्या. मग मी तिसरा उचलून भिंतीला लावला. हे दारात हुभे व्हते. त्यांनी बघितलं. काय बोलले न्हाईत."

तिनं पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"म्हंजी त्यांला वाटत व्हतं, मी वाचलंय, आन् मगच पुस्तकं जमा केलीत. मला सांगितलंय त्याला बोलव, आन् मी बोलवत न्हाई. आठ महिनं वाट बघितली असंल. मीच पोराचा पाट उचलला, असं बघून गेले ते."

खाली समाजमंदिरात कुणाच्या तरी साखरपुड्याच्या खुर्च्या मांडत होते, त्यांचा आवाज येत होता. ती उठली. ज्ञानेश संध्याकाळी येणार होता. पुस्तक घेऊन जा म्हटलं, कार्डावर लिहायलाही नको, ते तुझंच. तिनं ते टेबलावर ठेवलं.

"त्यो आला की इचारंल, बाबांनी नाव काढलं व्हतं का. व्हय म्हणंन. मग इचारंल, तर मला बोलावलं का न्हाईस. तवा काय सांगू, काका?"

ती जिन्यापाशी थांबून खरोखरच उत्तराची वाट बघत होती.